यंत्रमानव चालायला शिकला, पण माणसाशेजारी उभा का राहत नाही?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील फ्लॉवरी ब्रँच या गावी जीएक्सओ कंपनीचे एक मोठे गोदाम आहे. तेथे ‘डिजिट’ नावाची दोन पायांची यंत्रे २०२४ पासून रोजच्या कामाला जुंपलेली आहेत. चाकांवर चालणाऱ्या स्वयंचलित गाड्या मालाने भरलेल्या प्लास्टिकच्या पेट्या घेऊन येतात; डिजिट पुढे होतो, किंचित वाकतो, पेटी दोन्ही बाजूंनी हातांत दाबून उचलतो, वळून काही पावले टाकतो, ती सरकत्या पट्ट्यावर ठेवतो आणि पुन्हा गाडीकडे जातो. उंची साधारण पावणेदोन मीटर, वजन सुमारे ६५ किलो आणि एका वेळी उचलण्याची क्षमता १६ किलो. ॲजिलिटी रोबोटिक्स या कंपनीने बनवलेल्या या यंत्रासाठी गोदामचालक रीतसर पैसे मोजतो, म्हणजे हा प्रदर्शनातला खेळ नव्हे. मात्र डिजिट ज्या जागेत काम करतो, ती जागा माणसांच्या वावरापासून वेगळी काढलेली आहे. कामगाराला त्या हद्दीत शिरायचे असेल, तर आधी यंत्राचे काम थांबते.

जिने, दरवाजे, फडताळे, हत्यारांच्या मुठी हे सारे माणसाच्या मापाने बनलेले आहे. तेव्हा माणसाच्याच आकाराचे यंत्र असेल तर जग बदलावे लागणार नाही, हा अशी यंत्रे बनवण्यामागचा मुख्य युक्तिवाद आहे. आणि नेमक्या त्याच यंत्राला आज माणसांपासून दूर ठेवावे लागते. या विसंगतीचे कारण बहुतेक जण यंत्राच्या बुद्धीत शोधतात. मला वाटते ते त्याच्या पायांत शोधले पाहिजे.

तळहातावर उभी काठी तोलून धरायचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला असतो. काठी ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हात झटकन न्यावा लागतो. उशीर झाला की कल वाढतो आणि मग हात कितीही वेगाने हलवला तरी काठी हाती राहत नाही. दोन पायांवर उभे असलेले यंत्र गणिताच्या भाषेत अशीच उलटी काठी आहे. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असला, तर तोल ढळण्याची गती अशी असते की एक सेंटीमीटरचा कल कोणीही सावरला नाही, तर सेकंदाभरात तो दहा सेंटीमीटरच्या वर जातो. घोट्यापासून चवड्यापर्यंतची लांबी फार तर पंधरा-वीस सेंटीमीटर असते. गुरुत्वमध्य तिच्या पलीकडे गेला की नुसते पाय रोवून उभे राहणे शक्य नसते, नवे पाऊल टाकावेच लागते. म्हणून यंत्राच्या आतील संगणक सांध्यांचे कोन, धडाचा कल आणि तळपायावरचा दाब सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि प्रत्येक वेळी मोटरींना नवा हुकूम देतो. आपल्याला ते यंत्र स्वस्थ उभे असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते सतत पडत असते आणि सतत सावरत असते.

ही गोष्ट नीट उमगायला काही दशके लागली. टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने १९७३ मध्ये वाबोट-१ हा पूर्णाकृती यंत्रमानव बनवला. तो चालत असे, पण एका पावलाला त्याला सुमारे ४५ सेकंद लागत. प्रत्येक क्षणी गुरुत्वमध्य जमिनीवर टेकलेल्या तळपायाच्या बरोबर वर राहिला पाहिजे, अशी त्याच्या चालीची अट होती. वजन एका पायावर सावकाश आणायचे, मगच दुसरा उचलायचा. माणूस असा चालत नाही. चालताना आपण शरीर पुढे झोकून देतो आणि पडण्याआधी पाऊल पुढे टाकतो. त्याच सुमारास बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी या झोकून देण्याला हिशेबात बसवणारी एक कल्पना मांडली. तळपायाखाली जमिनीचा जो दाब असतो, त्याचा एक मध्यबिंदू काढता येतो. तो बिंदू तळपायाच्या कडेपर्यंत सरकला की पाऊल उलटू लागते. तो कडेच्या आत राहील अशा बेताने सांधे हलवले, तर गुरुत्वमध्य थोडा वेळ बाहेर गेला तरी चाल मोडत नाही. वासेदाच्याच गटाने १९८४ मध्ये या वाटेने एका पावलाचा वेळ १.३ सेकंदांपर्यंत खाली आणला.

होंडा कंपनीने १९८६ पासून गुपचूप हेच काम हाती घेतले होते. डिसेंबर १९९६ मध्ये तिने पी-२ जगापुढे आणला, तेव्हा १८२ सेंटीमीटर उंच आणि तब्बल २१० किलो वजनाचे ते यंत्र कोणत्याही तारेविना चालताना आणि जिना चढताना पाहून या क्षेत्रातले जाणकारही चकित झाले. पुढे २००० मध्ये आलेला असिमो सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचे गुडघे नेहमी थोडे वाकलेले असत, कारण पाय पूर्ण सरळ झाला की त्या काळच्या गणिताला पुढची हालचाल काढता येत नसे. असिमोची पावले आधी आखलेली असत, जमीन कशी आहे हे आधी ठाऊक असावे लागे. २००६ मध्ये एका प्रात्यक्षिकात जिना चढताना तो पडला, आणि पडताना स्वतःला सावरण्याचा कोणताही प्रयत्न त्याच्या अंगात दिसला नाही. आखणीबाहेरचे घडले की काय करायचे, हे त्याला कोणी दिलेलेच नव्हते.

दुसरी परंपरा अमेरिकेत वाढली. मार्क रायबर्ट यांनी १९८० च्या दशकात एकाच पायावर उड्या मारणारी यंत्रे बनवली. एका पायावर स्थिर उभे राहता येतच नाही, तेव्हा पडण्याला घाबरण्याऐवजी पुढचे पाऊल कोठे टाकले म्हणजे हे पडणे सावरेल, एवढाच प्रश्न उरतो. याच रायबर्ट यांनी १९९२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स ही कंपनी काढली आणि तिच्या ॲटलस या यंत्रमानवाने पुढे उड्या आणि कोलांट्या मारून दाखवल्या. टॅड मॅकगियर यांनी १९९० मध्ये तर एकही मोटर किंवा संगणक नसलेले पायांचे सांगाडे हलक्या उतारावरून आपोआप चालवून दाखवले. चालणे हे बऱ्याच अंशी पायांच्या लांबीचे आणि वजनाच्या विभागणीचे काम आहे, डोक्याचे नव्हे, हे त्यातून कळले.

तरीही २०१५ मध्ये या साऱ्याची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा निकाल केविलवाणा होता. फुकुशिमाच्या अणुभट्टीत २०११ मध्ये माणसांना जाता येत नव्हते, म्हणून अशा जागी जाऊ शकणारी यंत्रे तयार व्हावीत या हेतूने अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने कॅलिफोर्नियातील पोमोना येथे अंतिम स्पर्धा घेतली. गाडी चालवत आणायची, गाडीतून उतरायचे, दार उघडायचे, झडप फिरवायची, भिंतीला भोक पाडायचे, जिना चढायचा अशी आठ कामे होती. यंत्रे दाराच्या मुठीशी पडली, झडपेशी पडली, मोकळ्या जमिनीवर नुसती उभी असताना पडली. पडल्यानंतर स्वतःहून उठण्याची किमया एकट्या चिंप नावाच्या यंत्राला साधली, आणि त्याच्या हातापायांना रणगाड्यासारखे पट्टे बसवलेले होते. दक्षिण कोरियाच्या काइस्ट या संस्थेचा ह्युबो ४४ मिनिटे २८ सेकंदांत आठही कामे उरकून पहिला आला. त्याच्या यशाचे एक मोठे कारण होते गुडघ्यांना बसवलेली चाके: जेथे पायांची गरज नव्हती, तेथे तो सरळ गुडघे टेकून चाकांवर फिरत असे. सपाट फरशीच्या कारखान्यात पाय कशाला, हा प्रश्न आजही याच कारणाने रास्त ठरतो.

२०१५ नंतर दोन गोष्टी बदलल्या. त्यांतली पहिली फारशी चर्चेत येत नाही, पण माणसाच्या सुरक्षेशी तिचा थेट संबंध आहे. विजेची मोटर वेगाने फिरते, पण तिचा जोर थोडा असतो. गुडघ्याला उलट वेग कमी आणि जोर जास्त हवा असतो. म्हणून मध्ये गिअर घालतात. पूर्वी शंभरास एक अशा गुणोत्तराचे गिअर सर्रास वापरत. त्यात अडचण अशी की, बाहेरून त्या सांध्याला कोणी ढकलले, तर मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व गुणोत्तराच्या वर्गाइतके वाढून जाणवते, म्हणजे शंभराला दहा हजार पट. असा हात कोणाला लागला तर तो ‘दबत’ नाही. समोरचा माणूस दबतो. जमिनीवर आपटणारा पायही धक्का शोषत नाही, तो थेट गिअरच्या दात्यांवर जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संगबे किम यांच्या गटाने चीता या चार पायांच्या यंत्रासाठी मोठ्या व्यासाच्या जोरकस मोटरी घेऊन गुणोत्तर सहाच्या आसपास आणले. सहाचा वर्ग छत्तीस. दहा हजार कोठे आणि छत्तीस कोठे! असा सांधा बाहेरच्या धक्क्याला लवतो, आणि किती धक्का बसला हे मोटरच्या प्रवाहावरूनच संगणकाला कळते. आजच्या स्वस्त चिनी यंत्रमानवांच्या पायांत हीच कल्पना आहे. युनिट्री कंपनीचा जी-१ हा सुमारे ३५ किलोचा यंत्रमानव २०२४ मध्ये १६ हजार डॉलर या किमतीला बाजारात आला, त्यामागे या मोटरींचे घाऊक उत्पादन आहे.

दुसरा बदल शिकवण्याच्या पद्धतीत झाला. आता चाल अभियंता आखत नाही. संगणकातल्या आभासी मैदानात एकाच यंत्राच्या हजारो प्रती एकाच वेळी सोडतात. जी प्रत न पडता सांगितलेल्या वेगाने पुढे जाते तिला गुण, जी पडते तिला दंड. प्रत्येक प्रतीच्या वाट्याला जमिनीचे घर्षण, अंगावरचे वजन, मोटरींचा जोर मुद्दाम थोडा वेगळा ठेवतात आणि अधूनमधून तिला धक्के देतात. कोट्यवधी पडझडींनंतर चाल ठरवणारे जे जाळे (न्यूरल नेटवर्क) उरते, ते खऱ्या यंत्रात घालतात, आणि खरे जग त्याला आणखी एक वेगळी जमीन एवढेच वाटते. २०२१ च्या सुमारास हे तंत्र इतके वेगवान झाले की एकाच ग्राफिक्स कार्डावर काही मिनिटांत पायांच्या यंत्राला चालायला शिकवता येऊ लागले. असिमोच्या पिढीला ज्याला वर्षे लागली, ते काम आज विद्यापीठातले विद्यार्थी करतात.

या प्रगतीचे माप हवे असेल, तर एप्रिल २०२५ मधली बीजिंगची अर्धमॅरेथॉन पाहावी. २१ यंत्रमानव धावायला उतरले, त्यांतले सहा शेवटपर्यंत पोहोचले. पहिल्या आलेल्या तिएनगोंग अल्ट्राला २१ किलोमीटरसाठी २ तास ४० मिनिटे ४२ सेकंद लागले. वाटेत तीनदा बॅटरी बदलावी लागली आणि तो एकदा पडला. माणसांतला विजेता साधारण एक तास दोन मिनिटांत पोहोचला होता. माणसे आणि यंत्रे एकाच मार्गावर धावत होती, पण त्यांच्यामध्ये कठडा होता. बातम्यांत वेळेची चर्चा झाली, कठड्याची झाली नाही.

हातांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माणसाच्या एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार तंतू असतात; यंत्राच्या बोटांत याच्या जवळपासही काही नाही. भाषा शिकणाऱ्या संगणकाला वाचायला जगभरचे लिखाण मिळाले, पण चिमटीत बटण धरताना किती दाब द्यायचा हे कोठेही लिहून ठेवलेले नाही. म्हणून माणसांनी दूरनियंत्रणाने यंत्राचे हात हलवायचे आणि त्या हालचालींची नोंद करून यंत्राला शिकवायचे, असे कष्टाचे काम ठिकठिकाणी चालले आहे. फिगर कंपनीची यंत्रे साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्ग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात पत्र्याचे भाग वेल्डिंगच्या साच्यात लावण्याचे काम करीत होती. त्या अनुभवाचा आढावा घेताना कंपनीने स्वतःच सांगितले की सर्वाधिक बिघाड कोपरापुढच्या हातात होत होता, कारण मनगटाच्या हालचाली, त्यांच्या तारा आणि त्यांची उष्णता एवढ्याशा जागेत कोंबावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे. जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात १९६१ मध्ये युनिमेट हा पहिला औद्योगिक यंत्रहात बसला. तेव्हापासून कारखान्यातल्या यंत्रांच्या सुरक्षेचा सारा विचार एका गृहीतकावर उभा आहे: यंत्र थांबले की धोका संपला. जमिनीला बोल्टने आवळलेल्या यंत्रहाताचे लाल बटण दाबले, की वीज तुटते, ब्रेक लागतात आणि हात जागच्या जागी थिजतो. पुढे, २००८ च्या आसपास, डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीने माणसाशेजारी कुंपणाविना काम करणारे हलके यंत्रहात विकायला सुरुवात केली, तेव्हाही गृहीतक तेच राहिले. फक्त थांबण्याचा इशारा बटणाऐवजी स्पर्शातून मिळू लागला. अशा यंत्राचा धक्का माणसाला किती जोराने लागला तर चालेल, याचे कोष्टक आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात शरीराचे २९ भाग वेगळे काढून प्रत्येकाची मर्यादा दिलेली आहे.

दोन पायांच्या यंत्राच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळते. लाल बटण दाबून त्याची वीज तोडली, तर सांधे सैल पडतात आणि ६५ किलोचे यंत्र खाली येते. बटण दाबणारा माणूस बहुधा जवळच असतो, म्हणजे ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर ते पडण्याची शक्यता अधिक. सांधे ब्रेक लावून जखडले, तरी पावलाच्या मध्यात अडकलेला सांगाडा आडवा होणारच. उरला तिसरा मार्ग, वीज चालू ठेवून यंत्राने नियंत्रित रीतीने थांबायचे. पण मग ज्या संगणकात बिघाड झाल्याच्या शंकेने बटण दाबले, त्याच संगणकावर तोल सांभाळण्याची भिस्त राहते.

यातली आणखी सूक्ष्म अडचण तोल सावरण्याच्या कौशल्यातच दडलेली आहे. समजा, एका अरुंद वाटेत यंत्र ओझे घेऊन उभे आहे आणि जाता जाता कोणाचा खांदा त्याला लागला. न पडण्यासाठी त्याला पाव-अर्ध्या सेकंदात एक पाऊल टाकावे लागेल, आणि ते कोठे पडले पाहिजे हे भौतिकशास्त्र ठरवते. त्या जागी कोणाचा पाय असला तर? पाऊल टाकले तर त्याच्या पायावर, न टाकले तर सगळे अंग त्याच्या अंगावर. माणसेही गर्दीत हेच करतात, पण माणूस मऊ असतो, समोरच्याचा दंड धरतो, ओरडून सांगतो. शिवाय वर सांगितलेले शिकवलेले जाळे अशा क्षणी काय करील, याची ओळीने तपासणी करता येत नाही; ते चाचण्यांत किती वेळा बरोबर वागले एवढेच सांगता येते. सुरक्षेच्या प्रमाणपत्रासाठी तेवढे पुरत नाही. म्हणून बनवणाऱ्या कंपन्या आता मुख्य संगणकापासून अलग, साध्या आणि तपासता येईल अशा नियमांवर चालणारा दुसरा नियंत्रक यंत्रात बसवत आहेत. माणूस ठराविक अंतराच्या आत आला की वेग कमी करायचा, आणखी जवळ आला की पेटी ठेवून गुडघ्यांवर बसायचे आणि मगच वीज तोडायची, असा त्याचा रोख आहे. बसायला एक-दोन सेकंद लागतात, तेव्हा तेवढ्या वेळात माणूस जितका चालेल तितके अंतर आधीच राखून ठेवावे लागते, आणि गोदामातली मोकळी हद्द अशीच रुंदावत जाते.

सतत तोल सावरून उभ्या राहणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ २५७८५ या क्रमांकाचे वेगळे मानक तयार करण्याचे काम सुरू आहे. ते होईपर्यंत अशी यंत्रे जेथे माणूस जवळ नसतो तेथेच आधी जातील, हे उघड आहे. पुण्यातील संरक्षण संशोधन व विकास संस्थेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा सैन्यासाठी यंत्रमानव विकसित करीत आहे आणि २०२७ पर्यंत तो पूर्ण करण्याचे उद्दिष्ट असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. जेथे सैनिकाला पाठवणे धोक्याचे, तेथे यंत्राला पाठवायचे हा त्यामागचा विचार आहे, तेव्हा शेजारच्या माणसाच्या पायाचा प्रश्न तेथे तुलनेने सौम्य आहे. इस्रोने २०२० मध्ये बंगळुरूला दाखवलेल्या व्योममित्रा या अंतराळासाठीच्या यंत्रमानवाने तर हा प्रश्न मुळातच टाळला आहे. तिला पाय नाहीत, आणि वजनरहित अवस्थेत पडण्याचा धोकाही नाही.

घर मात्र सर्वांत कठीण जागा आहे. पावणेदोन मीटर उंचीचे यंत्र कोणत्याही दिशेला आडवे होऊ शकते, म्हणजे निदान तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ त्याच्याभोवती मोकळे हवे. दोन माणसे कशीबशी मावतात अशा स्वयंपाकघरात ते कोठून आणणार? नॉर्वेत सुरू झालेल्या वन-एक्स कंपनीने यावर वजनाचा उपाय शोधला आहे. २० हजार डॉलर किमतीला २०२५ मध्ये मागणी नोंदवायला खुला केलेला तिचा निओ माणसाच्या उंचीचा असूनही ३० किलोचा आहे, त्याचे सांधे दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी ओढले जातात आणि अंगावर मऊ आवरण आहे. पडला तरी इजा कमी व्हावी, असा हा हिशेब. जे काम त्याला अजून जमत नाही, ते कंपनीचा माणूस दूर बसून, निओच्या डोळ्यांतून घर पाहत करून देतो, आणि त्यासाठी मालकाची परवानगी घेण्याची सोय ठेवलेली आहे.